नागपूरच्या उन्हाळी दुपारी ब्लूज आणि रॉकच्या तबकड्या कशा ऐकाव्यात: नवख्यांसाठी मार्गदर्शक

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की नागपुरात दुपारी बारापासून साडेचारपर्यंत रस्ते ओस पडतात. बर्डीवरची वर्दळ विरळ होते, इतवारीतले व्यवहार मंदावतात आणि धरमपेठेसारख्या एरवी गजबजलेल्या भागातही हॉर्नचा आवाज क्वचितच येतो. दिवसाउजेडी हे शहर इतके शांत याच दिवसांत असते. एकच गिटार आणि एकच कंठ असलेले अकूस्टिक (विजेविना वाजवलेले) ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत, ऐकायला अशीच शांतता लागते. म्हणून रेकॉर्ड ऐकण्याचा छंद नव्याने लावून घेणाऱ्याने हिवाळ्याची वाट न पाहता उन्हाळ्यातच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. आड येणाऱ्या गोष्टी दोन: ऊन तबकडी वाकवते आणि कूलर तिचा आवाज गिळतो. या दोहोंचा बंदोबस्त आधी करावा, मग यंत्राकडे वळावे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. एका दुपारी तबकडीच्या तीनच बाजू ऐकाव्यात. एल.पी.ची (मोठ्या तबकडीची) एक बाजू साधारण १८ ते २२ मिनिटांची असते, म्हणजे हा सारा कार्यक्रम तासाभराचा होतो. त्याहून अधिक लावल्या की कान थकतो, संगीत मागे पडते आणि हात फक्त तबकड्या बदलत राहतात.

आधी खोली

पश्चिमेकडे खिडकी असलेली खोली आणि थेट गच्चीच्या स्लॅबखालची खोली या कामासाठी टाळावी. एल.पी. पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकच्या मिश्रणापासून बनते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ती मऊ पडू लागते, आणि तिरकी किंवा दुसऱ्या वजनाखाली ठेवलेली असेल तर त्याहून कमी तापमानातही वाकू शकते. खोलीतली हवा कधीच इतकी तापत नाही हे खरे असले, तरी काळी तबकडी ऊन शोषून घेते, त्यामुळे खिडकीतून आलेला उन्हाचा एक पट्टाही तिच्यावर काही मिनिटे पडला तर पुरेसा होतो. टर्नटेबलचे (तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचे) पारदर्शक झाकण लावलेले असेल तर ऊन रोखले जाते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात झाकणाखालची उष्णता कोंडली जाते आणि तबकडी अधिकच लवकर बिघडते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तर रेकॉर्ड पाच मिनिटांसाठीही ठेवू नये.

रेकॉर्ड नेहमी उभ्याच ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. लोखंडी कपाटापेक्षा लाकडी मांडणी बरी, आणि ती बाहेरच्या भिंतीला टेकलेली नसावी, कारण नागपूरच्या उन्हाने तापलेली भिंत सूर्यास्तानंतरही कितीतरी वेळ उष्णता सोडत राहते. महाल भागातल्या जुन्या वाड्यात कोणी राहत असेल, तर जाड भिंतींची मधली खोली त्याच्याकडे आयतीच आहे.

कूलरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कूलर बंद ठेवून दुपारी बसा, असा सल्ला नागपुरात कोणी देऊ नये. मार्ग असा की ऐकायला बसण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी कूलर पूर्ण वेगाने चालवून खोली गार करून घ्यावी, ताट्या चांगल्या भिजू द्याव्यात आणि सुई टेकवताना पंख्याचा वेग सर्वांत कमी करावा. कूलर भिंतीत किंवा खिडकीत बसवलेला असेल तर त्याच भिंतीला लागून टर्नटेबल ठेवू नये; मोटारीची थरथर टेबलामार्फत सुईपर्यंत पोहोचते आणि स्पीकरमधून मंद घुमघुम ऐकू येते. कूलरचा झोत तबकड्यांच्या मांडणीवर येणार नाही हेही पाहावे. दमट हवेने पुठ्ठ्याची कव्हरे फुगतात आणि झोताबरोबर उडालेल्या तुषारांतले क्षार त्यांच्यावर डाग पाडतात. कूलरचा एक फायदाही आहे, तो कबूल केला पाहिजे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तबकडीवर स्थिर विद्युत साठून ती धूळ ओढून घेते. खोलीत थोडा ओलावा असला की हे प्रमाण कमी होते.

यंत्र आणि त्याची मांडणी

नवख्याने पेटीसारखे बंद होणारे, आतच स्पीकर असलेले स्वस्त प्लेअर घेऊ नयेत. त्यांतल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा विद्युतसंकेत करणारा भाग) असते, ते सुईचा दाब पाच ग्रॅमच्या आसपास ठेवते आणि तो दाब बदलण्याची सोयही नसते. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकाला फिरवता येण्याजोगे वजन असलेले साधे टर्नटेबल घ्यावे. चांगल्या प्राथमिक दर्जाच्या मूव्हिंग मॅग्नेट (चुंबकाच्या हालचालीवर चालणाऱ्या) कार्ट्रिजना साधारण दोन ग्रॅम दाब पुरतो. नेमका आकडा कार्ट्रिजबरोबरच्या कागदावर छापलेला असतो आणि तोच पाळावा. दाब कमी ठेवला म्हणजे तबकडी वाचते असे नाही. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, आपटत चालते आणि अधिक नुकसान करते.

कार्ट्रिजमधून निघणारा विद्युतसंकेत काही मिलिव्होल्ट इतका क्षीण असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जातले स्वर मुद्दाम दाबलेले आणि तारस्वर उचललेले असतात. ही उलटापालट सरळ करण्याचे काम फोनो प्रीअॅम्प करतो. तो टर्नटेबलमध्ये किंवा अॅम्प्लिफायरमध्ये आहे ना, हे विकत घेतानाच विचारावे. दोन्हीकडे असेल तर एकच चालू ठेवावा. प्रीअॅम्पशिवाय जोडणी केली तर आवाज बारीक आणि किरकिरा येतो, आणि दोन प्रीअॅम्प एकामागोमाग लागले तर तो फाटतो.

मांडणीचा क्रम सोपा आहे. टर्नटेबल जड, न हलणाऱ्या टेबलावर ठेवून पाणसळीने समतल करावे. सुईचे आवरण काढून, तिला हात न लावता, मागचे वजन फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगेल अशा स्थितीत आणावा, तिथे वजनावरची आकड्यांची चकती शून्यावर करावी आणि मग पाहिजे तितका दाब द्यावा. अँटिस्केटिंगचा (टोनआर्मची आत सरकण्याची ओढ सावरणाऱ्या सोयीचा) आकडा साधारण दाबाइतकाच ठेवावा. स्पीकर टर्नटेबलच्या टेबलावर ठेवू नयेत. दोन्ही स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण झाला तर उत्तम. दिवाणखाना लहान असेल तर निदान दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीवर असावेत.

घरात आजोबांच्या काळातला एचएमव्ही फिएस्टासारखा प्लेअर असेल तर त्याबद्दल जिव्हाळा ठेवावा, पण त्याची सुई बदलल्याशिवाय त्यावर नवी रेकॉर्ड लावू नये. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या जुन्या टर्नटेबलबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. अमेरिकी यंत्र ११० व्होल्टचे असते, आणि त्यात मुख्य विजेवर चालणारी जुनी सिंक्रोनस मोटार असेल तर ते ६० हर्ट्झसाठी बनवलेले असते. नुसता ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज जुळते, पण आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर तबकडी मंद फिरते आणि गाणे सुमारे तीन अर्धस्वर खाली उतरते.

उन्हाळ्यात वीज जाण्याची शक्यता गृहीत धरावी. तबकडी चालू असताना वीज गेली तर सर्वांत आधी सुई उचलावी, मग स्विच बंद करावेत. वीज परतल्यावर तबकडी सुईसकट झटका घेऊन फिरू लागणे दोघींच्याही आयुष्याला बरे नाही.

तबकड्या मिळवणे आणि धुणे

नागपुरातल्या जुन्या घरांतून निघणाऱ्या रेकॉर्डमध्ये हिंदी चित्रपटगीते आणि नाट्यसंगीत अधिक असते, रॉक कमी आणि ब्लूज फारच कमी. त्यांत ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्याही निघतात. त्यांची खाच एल.पी.पेक्षा बरीच रुंद असते आणि तिला वेगळी सुई लागते, म्हणून त्या एल.पी.च्या सुईने वाजवू नयेत. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सपासून अनेकांच्या एल.पी. छापल्या होत्या, त्या भारतीय प्रती अजूनही बाजारात फिरतात आणि आयात प्रतींपेक्षा स्वस्त पडतात. मुंबईला जाणे होत असेल तर चोर बाजारातल्या रेकॉर्डविक्रेत्यांकडे एक सकाळ घालवावी. परतताना रेकॉर्ड जाड पिशवीत उभ्या ठेवून वातानुकूलित डब्यातून आणाव्यात. ऑनलाइन मागवायच्या असतील तर त्या डिसेंबर-जानेवारीत मागवाव्यात, कारण मे महिन्यात कुरियरच्या गाडीत पार्सल किती तास तापते यावर आपले काहीच नियंत्रण नसते.

जुनी रेकॉर्ड घेताना ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहावी. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र दर फेरीला टक् करून वाजतो. मग ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकलेली नाही ना हे पाहावे. वाकलेली तबकडी घरी सरळ करण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचे ऐकू नये.

घरी आल्यावर ती डिस्टिल्ड पाण्याने मऊ मायक्रोफायबर कापड ओले करून, खाचांच्या दिशेने गोल गोल पुसावी आणि मधले कागदी लेबल कोरडे राहू द्यावे. कूलरच्या ताटीवर साचणारा पांढरा थर ज्याने पाहिला आहे, त्याला नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने रेकॉर्ड का धुऊ नये हे वेगळे सांगावे लागणार नाही. रोज वाजवण्यापूर्वी कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या तबकडीवर हलकेच टेकवला की पुरते.

पहिली बाजू: एकटी गिटार

सुरुवात मडी वॉटर्सच्या १९६४च्या 'फोक सिंगर' या एल.पी.ने करावी. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतली शेतमजुरी सोडून शिकागोला गेला आणि तिथे विद्युत गिटारवरच्या ब्लूजचा मोठा गायक झाला. पण या तबकडीसाठी चेस या रेकॉर्ड कंपनीने त्याला पुन्हा अकूस्टिक गिटार हाती घ्यायला लावली. सोबतीला तरुण बडी गाय आणि डबल बासवर विली डिक्सन आहेत. ध्वनिमुद्रण इतके स्वच्छ आहे की श्वास, तारेवरून घसरणारे बोट आणि स्टुडिओतली रिकामी जागा हे सारे ऐकू येते. गायक कुजबुजतो आणि पुढच्याच ओळीला पूर्ण गळ्याने उसळतो. म्हणून आवाजाची पातळी त्या उसळीच्या हिशेबाने ठरवावी, कुजबुज मोठी ऐकू यावी म्हणून वाढवू नये. कुजबुज कूलरमुळे हरवत असेल तर पहिले गाणे संपेपर्यंत कूलर बंद करून पाहा, म्हणजे आपण काय गमावत होतो ते कळेल.

दुसरा गायक मिसिसिपी जॉन हर्ट. त्याने १९२८ मध्ये काही गाणी ध्वनिमुद्रित केली, ती फारशी खपली नाहीत आणि तो अॅव्हलॉन नावाच्या आपल्या खेड्यात शेती करत राहिला. त्या गावाचा उल्लेख त्याच्याच एका गाण्यात होता, त्या धाग्यावरून १९६३ मध्ये एक संग्राहक त्याच्या दारी पोहोचला. त्यानंतरच्या तीनच वर्षांत, १९६६ मध्ये हर्ट वारला. पण तेवढ्या काळात त्याने केलेली ध्वनिमुद्रणे नवख्या कानासाठी सर्वांत प्रेमळ आहेत. त्याचा अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरून चालतो आणि उरलेली बोटे वर धून वाजवतात. पहिल्या ऐकण्यात फक्त अंगठा ऐकावा, दुसऱ्यात फक्त बोटे.

रॉबर्ट जॉन्सन मात्र थोडा थांबून ऐकावा. त्याने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो मेला. एल.पी.वर आज मिळतात ती गाणी जुन्या ७८च्या तबकड्यांवरून उतरवलेली आहेत, त्यामुळे त्यांतली खरखर मूळचीच आहे. ती घालवण्यासाठी रेकॉर्ड पुनःपुन्हा धुण्यात किंवा सुईला दोष देण्यात अर्थ नाही.

मोजायचे काय

ब्लूजची सर्वांत रूढ बांधणी बारा मात्रागटांची आहे. प्रत्येक गटात चार ठोके, म्हणजे एका आवर्तनात ४८. गाण्याची पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी ओळ, अशी रचना असते. प्रत्येक ओळीनंतर गिटारला बोलायला जागा सोडलेली असते. मांडीवर ठोके देत दोन आवर्तने मोजली की पुढे मोजावे लागत नाही, समेची चाहूल आपोआप लागते. मिसिसिपी डेल्टातल्या जुन्या ब्लूज गायकांकडे मात्र हा हिशेब हमखास चुकतो. रॉबर्ट जॉन्सन मनाला येईल तिथे एखादा ठोका वाढवतो किंवा खातो, कारण सोबत कोणी नसल्यामुळे त्याला कोणालाही सांभाळून घ्यायचे नसते.

स्वरांच्या बाबतीत मराठी श्रोता सुदैवी आहे. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो, आणि बोटात काचेची नळी घालून तारेवरून सरकवलेली गिटार जे करते ते मींडेच्या अगदी जवळचे आहे. ज्यांनी ब्रिजभूषण काब्रांची गिटार 'कॉल ऑफ द व्हॅली' या १९६७च्या तबकडीवर ऐकली आहे, त्यांना स्लाइड गिटार परकी वाटणार नाही. विश्वमोहन भट यांची मोहनवीणा आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांची स्लाइड गिटार यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही १९९३ मधली जुगलबंदी तर या दोन परंपरांना एका बैठकीत बसवते.

दुसरी आणि तिसरी बाजू: त्याच गाण्याचे रॉक रूप

क्लासिक रॉकमध्ये शिरण्याचा माझ्या मते सर्वांत चांगला रस्ता म्हणजे एकच गाणे दोनदा ऐकणे, आधी मूळ ब्लूज आणि लगेच रॉक. काही जोड्या सुचवतो.

जॉन्सनचे १९३६ मधले 'क्रॉस रोड ब्लूज' लावा आणि मग क्रीम या ब्रिटिश रॉक त्रिकुटाच्या १९६८च्या 'व्हील्स ऑफ फायर' या जोडतबकडीची तिसरी बाजू. तिथे एरिक क्लॅप्टनने तेच गाणे सॅन फ्रान्सिस्कोतल्या श्रोत्यांसमोर तिघांच्या वाद्यमेळात वाजवले आहे. जॉन्सनने मोकळे सोडलेले ठोके इथे बास आणि ड्रम पक्के बांधून टाकतात. एकट्याचे गाणे तिघांचे होताना काय मिळते आणि काय जाते हे याहून स्पष्ट कुठे ऐकू येत नाही. जॉन्सनचेच 'लव्ह इन व्हेन' रोलिंग स्टोन्स या बँडने १९६९च्या 'लेट इट ब्लीड'वर घेतले. त्यात मँडोलिन वाजवणारा राय कूडरच आहे, पुढे भटांबरोबर बसलेला.

तिसरी जोडी सर्वांत मोठी. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, बंधारे फुटले आणि लाखो लोक, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर, बेघर झाले. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅककॉय या दांपत्याने त्यावर १९२९ मध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' गायले: दोन गिटार, एक साधा आवाज, बंधारा फुटला तर राहायचे कुठे एवढीच चिंता. लेड झेपलिन या रॉक बँडने १९७१ मध्ये आपल्या चौथ्या एल.पी.त तेच गाणे सात मिनिटांचे केले. त्यांच्या जॉन बॉनमचा ड्रम इंग्लंडमधल्या एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात ठेवून मायक्रोफोन वरून टांगले होते, म्हणून तो ठोका असा खोल आणि लांबून आल्यासारखा येतो. मूळ गाण्यात पुराची बातमी आहे. या रूपात पूरच आहे. हे गाणे दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, लेबलाजवळ आहे आणि तिथे सुईखालून खाच सर्वांत हळू सरकत असल्याने आवाज फाटण्याचा धोका सर्वाधिक असतो. तुमची सुई झिजली आहे का, कार्ट्रिज वाकडे बसले आहे का, हे ओळखायलाही हे गाणे कामी येते: झांजांचा आवाज वाळू घासल्यासारखा येऊ लागला तर सुई तपासून घ्यावी. साधारण ५०० ते १००० तासांनी ती बदलावीच लागते.

ज्यांना इतका गडगडाट दुपारी नको असेल त्यांनी लेड झेपलिनच्याच १९७०च्या तिसऱ्या एल.पी.ची दुसरी बाजू लावावी. ती बरीचशी अकूस्टिक आहे आणि पन्ह्याच्या पेल्यासोबत छान जाते. पिंक फ्लॉइड मी मुद्दाम संध्याकाळसाठी राखून ठेवायला सांगेन. १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधले मंद भाग कूलरच्या आवाजात वाया जातात. या बँडचे नावही पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांच्या नावांतून आले आहे.

आवरताना

बाजू संपली की आधी आवाज शून्यावर आणावा, मग सुई लिव्हरने उचलावी आणि तबकडी पूर्ण थांबल्यावरच हात लावावा. तबकडी कडा आणि लेबल एवढ्याच ठिकाणी धरावी. संत्रा बर्फी खाल्लेल्या बोटांचे ठसे खाचांत बसले तर ते कोरड्या ब्रशने निघत नाहीत. आतली स्लीव्ह कागदाची असेल तर प्लास्टिकचे अस्तर असलेली घ्यावी, आणि ती कव्हरमध्ये सरकवताना तिचे तोंड वर ठेवावे, म्हणजे धूळ आत जात नाही. सुई मऊ ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने झाडावी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मांडणीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, कव्हरे भिंतीपासून चार बोटे दूर सरकवावीत आणि पंधरा दिवसांतून एकदा सगळ्या रेकॉर्ड बाहेर काढून बुरशी पाहावी.